आमच्या रांगेतल्या त्या चार खुर्च्या: चार्जर्सच्या सीझन तिकीटधारकांना खुले पत्र

प्रति,
लॉस एंजेलिस चार्जर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचं सीझन तिकीट (मोसमातल्या सगळ्या घरच्या सामन्यांचं एकत्र तिकीट) घेऊन ते सामने विकून टाकणारे दक्षिण कॅलिफोर्नियातले समस्त मराठी मित्र

प्रत माहितीसाठी: संघाचे मालक आणि तिकीट विभाग

सप्रेम नमस्कार.

संघाला इंग्रजीत वेगळं पत्र लिहिलंच आहे. हे मराठीत लिहितोय, कारण विषय निघाला तो गणपतीत. आरती झाली होती, प्रसादाची रांग लागली होती, आणि माझ्या पुढे उभे असलेले एक परिचित शेजारच्याला समजावत होते, "अरे, सीझन तिकीट म्हणजे एफडी आहे एफडी! रेडर्सचा सामना आणि आणखी एखादा मोठा संघ, एवढे दोन विकले की वर्षाचा खर्च निघतो. उरलेले सामने फुकटात पडतात, तेही विकायचे." आजूबाजूचे हसले. दोघांनी तिथल्या तिथे फोन काढून माहिती विचारली. माझ्या हातात द्रोण होता, द्रोणात मोदक होता, तोंडातून शब्द फुटला नाही. त्या दिवशी जे बोललो नाही ते आता लिहितोय.

आधी माझा यात काय संबंध ते सांगतो. मी 1998 साली मिरजेहून सॅन डिएगोला आलो. कबड्डी आणि क्रिकेटवर वाढलेला माणूस, त्याला हा हेल्मेटवाला खेळ पहिली दोन वर्षं म्हणजे नुसती ढकलाढकली वाटायची. मग ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सामन्याला नेलं. खरं सांगायचं तर मला आधी सामना आवडला नाही, सामन्याआधीचा पार्किंग लॉट आवडला. सकाळी नऊला गाड्यांच्या डिक्या उघडून शेगड्या पेटलेल्या, अनोळखी माणसं हातात प्लेट देताहेत. पुढच्या वर्षी आम्हीही तवा नेला आणि थालीपीठं लावली. टॅकोच्या गावात थालीपीठाला गिऱ्हाईक कमी नाही, हे तिथे कळलं. 10 डिसेंबर 2006 ला लडेनियन टॉमलिन्सनने डेन्व्हरविरुद्ध एका मोसमातल्या टचडाउनचा (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकापर्यंत नेण्याचा) विक्रम मोडला तेव्हा मी स्टेडियममध्ये होतो, आणि माझ्या खांद्यावर चार वर्षांची मुलगी होती. त्या मोसमात त्याचे 31 टचडाउन झाले. आज मुलीला ते आठवत नाही. माझ्या खांद्याला आठवतं.

मग 12 जानेवारी 2017 चा दिवस उजाडला. आदल्या नोव्हेंबरात नव्या स्टेडियमसाठीचा प्रस्ताव सॅन डिएगोच्या मतदारांनी नाकारला होता. दोन तृतीयांश मतं हवी होती, निम्मीही पडली नाहीत. संघाने लीगला (एनएफएल, अमेरिकन फुटबॉलची मुख्य स्पर्धा) 550 दशलक्ष डॉलर स्थलांतराचं शुल्क कबूल केलं आणि 56 मोसमांचं गाव सोडलं. माझे निम्मे मित्र त्या दिवसापासून चार्जर्सचं नाव काढत नाहीत. एकाने तर जर्सीची पायपुसणी केली. मी नाही सोडू शकलो. त्यांनी मला फितूर म्हटलं, मी ऐकून घेतलं आणि मुलीला गाडीत बसवून पाच नंबरच्या महामार्गावरून चारशे पाचवर, शंभरहून अधिक मैल, लॉस एंजेलिसजवळच्या कार्सनला जायला लागलो.

कार्सनचं मैदान मुळात सॉकरचं. 27 हजारांच्या आसपास जागा, म्हणजे या लीगच्या मानाने शाळेचं पटांगण. तीन मोसम आपण तिथे काढले, आणि पहिले दोन मोसम त्या स्टेडियमला नाव कोणाचं होतं, तर तिकिटं पुन्हा विकणाऱ्या स्टबहब या कंपनीचं. आपल्या संघाच्या नशिबातला विनोद इतका उघड असेल असं वाटलं नव्हतं. 13 ऑक्टोबर 2019 च्या रात्री पिट्सबर्ग स्टीलर्स आले. पिवळे टॉवेल फिरवत त्यांचे लोक इतके आले की आमच्या रांगेत निळे आम्ही दोघंच. त्यात कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून कल्पना निघाली आणि स्टीलर्सच्या घरच्या मैदानावर वाजतं ते गाणं आपल्याच लाउडस्पीकरवरून वाजलं. म्हणे थट्टा करायची होती, मध्येच ते गाणं तोडून दुसरं लावायचं होतं. पण तोवर टॉवेल फिरायला लागले होते. स्टीलर्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा खेळाडू, त्या दिवशी तिसऱ्या फळीतला होता, पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळत होता. त्याने आपल्याला 24-17 हरवलं. मुलगी म्हणाली, "बाबा, हा आपला होम गेमच आहे ना?"

लग्नाचा हॉल आपण घ्यायचा, आचारी आपण सांगायचा, आणि पंगतीला पाहावं तर सगळं वऱ्हाड पलीकडचं. तसं झालं होतं.

आता ज्यांना या खेळाची फारशी माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं. हे फक्त हौसेचं, रंगांचं, आरडाओरड्याचं प्रकरण असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. या खेळात आवाज हे हत्यार आहे. क्वार्टरबॅक ओरडून इशारा देतो, त्या ठरलेल्या शब्दावर चेंडू मागे येतो आणि अकरा जण एकदम हलतात. आपल्याला शब्द माहीत, समोरच्याला नाही. त्या निमिषाचा फायदा आक्रमण करणाऱ्याला. म्हणून घरचे लोक आपला संघ खेळत असताना गप्प बसतात आणि पाहुण्यांच्या हाती चेंडू गेला की छप्पर उडवतात. सिएटलच्या लोकांनी 2013 मध्ये 137.6 डेसिबल आवाज केला. पुढच्याच वर्षी कॅन्सस सिटीने 142.2 वर नेला. गिनीज बुकात नोंद आहे.

ज्याला ऐकू जात नाही त्याला मग मुका इशारा वापरावा लागतो. क्वार्टरबॅक पाय उचलतो किंवा हात दाखवतो, शेजारचा गार्ड सेंटरच्या (चेंडू मागे देणाऱ्याच्या) मांडीवर थाप मारतो, सेंटर मान वर करतो, आणि मग चेंडू. पण ही मान समोरचा बचावपटूही बघत असतो. दोन-तीन वेळा बघून त्याला ताल कळतो, आणि मग तो आपल्या टॅकलच्या (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्याच्या) आधी उठतो. आपला माणूस घाईने हलला तर फॉल्स स्टार्ट, पाच यार्ड मागे. हे सगळं पाहुण्या संघाच्या वाट्याला येतं. आपल्याकडे ते यजमानांच्या वाट्याला येतं. कार्सनमध्ये आपल्या क्वार्टरबॅक फिलिप रिव्हर्सने मुके इशारे केले, नंतरच्या आपल्या सोफाय स्टेडियममध्ये जस्टिन हर्बर्टने केले. स्वतःच्या घरात माणसाने खुणेने बोलायचं!

तर मित्रांनो, माझी पहिली तक्रार ही. तुम्ही खुर्ची विकता तेव्हा एक आवाज आपल्या बाजूने कमी होतो आणि एक समोरच्या बाजूने वाढतो. गणित दुप्पट आहे. तुमच्यातले बहुतेक इंजिनियर, जास्त सांगत नाही.

दुसरी तक्रार जरा लांबची आहे, पण माझ्या दृष्टीने तीच मोठी. लॉस एंजेलिसचे लोक चार्जर्सचे का नाहीत, याचं उत्तर सगळे "इथल्या लोकांना बीच आहे, हॉलिवूड आहे" असं देतात. हे अर्धवट आहे. 1994 नंतर इथले रॅम्स गेले (ते पुढे परतले), रेडर्सही गेले, आणि 1995 ते 2015 अशी 21 वर्षं या शहरात संघच नव्हता. 21 वर्षांत एक अख्खी पिढी टीव्हीसमोर वाढली आणि जिला जो संघ आवडला तिने तो धरला. रेडर्स इथे 1982 ते 1994 राहिलेले, त्यांची माणसं तर इथलीच आहेत, त्यांना विमानाने यावं लागत नाही. काउबॉइज उन्हाळ्यात सरावाला इथेच, ऑक्सनार्डला येतात. 2021 मध्ये सोफायवर प्रेक्षकांसह आपला पहिला घरचा लीग सामना झाला तो नेमका काउबॉइजशी, 19 सप्टेंबरला, आणि शेवटच्या क्षणाला 56 यार्डांवरून त्यांनी गोल मारून 20-17 ने जिंकला तेव्हा स्टेडियम ज्या आवाजाने हललं तो आपला नव्हता.

म्हणजे आपल्याला शून्यातून चाहते तयार करायचे आहेत, आणि चाहते जाहिरातीने तयार होत नाहीत. आठ-नऊ वर्षांचं पोर कोणाच्या तरी शेजारी बसून, घसा बसेपर्यंत ओरडून, घरी येताना गाडीत झोपून तयार होतं. त्यासाठी त्याला खुर्ची लागते. ती खुर्ची तुमच्या फोनमध्ये आहे, आणि तुम्ही ती दोन बोटांनी डेट्रॉइटला पाठवता. आमच्या मिरजेच्या भाषेत याला बियाणं दळून खाणं म्हणतात.

डेट्रॉइटचं उगीच म्हटलं नाही. 12 नोव्हेंबर 2023. मी आणि मुलगी जिन्यावरून वर आलो आणि समोरची गॅलरी निळीच निळी. एक क्षण छातीत धस्स झालं, आनंदाने. म्हटलं, आले, शेवटी आपले लोक आले! दहा पायऱ्या खाली उतरल्यावर कळलं की निळा आहे, पण डेट्रॉइट लायन्सचा निळा. आमच्या डाव्या हाताला चार खुर्च्या आहेत. त्या कोणाच्या आहेत हे मला ठाऊक आहे, त्यांनाही ठाऊक आहे, नाव लिहीत नाही. अख्ख्या मोसमात मी त्यांना त्या खुर्च्यांवर एकदा पाहिलंय. त्या दिवशी तिथे मिशिगनहून आलेलं कुटुंब होतं. आजोबा, दोन मुलगे आणि एक नातू. आजोबांच्या गुडघ्यावर घडी घातलेला जुना स्वेटर होता, त्यांच्या वडिलांचा. मुलाने सांगितलं, एकेका खुर्चीला चारशे डॉलर मोजलेत. फार चांगली माणसं. आजोबांनी माझ्या मुलीला अर्धा प्रेट्झेल तोडून दिला. मध्यंतरात त्यांनी मला कौतुकाने विचारलं, "तुम्ही खरोखर चार्जर्सचे?" जणू एखादा दुर्मीळ पक्षी दिसला. सामना 41-38 ने गेला, शेवटच्या क्षणीच्या फील्ड गोलवर. आजोबा रडले. मला त्यांचा राग आला नाही, आजही येत नाही.

आणि येऊ कसा? 30 जून 2019, विश्वचषक, एजबॅस्टन. पहाटे अडीचला उठून सॅन डिएगोत आपण दहा जण टीव्हीसमोर होतो. इंग्लंडचं मैदान, इंग्लंडचा संघ, आणि गॅलऱ्यांत जिकडे तिकडे भारताचा निळा. (आपला संघ नेमका त्या दिवशी नारिंगी शर्टात, ती निराळीच गंमत.) इंग्लंडने 31 धावांनी जिंकलं, पण ती गर्दी बघून आपल्याला अभिमान वाटला होता की नाही? मला वाटला होता. पाहुण्यांनी लांबून यावं, पैसे मोजावेत, नाचावं. त्यात काही गैर नाही. दार आतून कोणी उघडलं, एवढाच माझा प्रश्न आहे.

तिसरी तक्रार पैशाची. सोफाय बांधताना आपल्या संघाने वरच्या मजल्यावरच्या पंचवीस हजारांहून अधिक खुर्च्यांसाठी हक्काचा परवाना (सीझन तिकीट घेण्याचा एकरकमी हक्क) अवघा 100 डॉलरला ठेवला होता. रॅम्सच्या उत्तम खुर्च्यांच्या परवान्याला लाख डॉलरपर्यंत भाव होता, हे लक्षात घ्या. सामान्य माणसाने पोराबाळांना घेऊन यावं, मैदान आपल्या लोकांनी भरावं, हा त्यामागचा सरळ हिशोब. झालं उलटंच. परवाना स्वस्त म्हणून माणसांनी चार-चार, सहा-सहा घेऊन ठेवले आणि त्याचं भाड्याचं घर केलं. ज्याला खरोखर यायचंय त्याला ती खुर्ची तुमच्याकडून तिप्पट भावाने घ्यावी लागते. माझ्या ओळखीत सॅन डिएगोतली तीन कुटुंबं अशी आहेत की जी 2017 चा राग गिळून परत यायला तयार आहेत, पण चार तिकिटांचा भाव बघून टीव्ही लावतात.

तुमची उत्तरं मला पाठ आहेत. "सगळे सामने कोणाला जमतात?" मान्य. मोसमात घरचे आठ-नऊ सामने, त्यात मुलांचे वर्ग, दिवाळी, भारतातली लग्नं. दोन-तीन विकले तर कोणी फाशी देत नाही. मीही एकदा विकलाय, आई आजारी होती तेव्हा. "विकलं नाही तर खर्च झेपत नाही." हेही काहींच्या बाबतीत खरं आहे, त्यांच्यासाठी पुढे एक सूचना आहे.

तिसरं उत्तर मात्र मला टोचतं. "मालकांनीच गाव विकलं, आता आपण कसली निष्ठा दाखवायची? स्टेडियम दुसऱ्याचं, भाडं वर्षाला एक डॉलर, संघच भाडेकरू!" यातला शब्दन् शब्द खरा आहे. इंगलवुडचं ते पाच अब्ज डॉलरच्या घरातलं स्टेडियम रॅम्सच्या मालकांनी उभारलं, आपण एक डॉलरचे भाडेकरू. पण मग तिकीट घेऊ नका की. निष्ठा नाही म्हणून निष्ठावंताची खुर्ची अडवायची आणि तिच्यावर व्याज खायचं, हे कुठलं शहाणपण? राग असेल तर माझ्या पायपुसणीवाल्या मित्रासारखा असावा. तो निदान कमवत तरी नाही.

हा आजार आपल्या एकट्याचा नाही, हेही सांगायला हवं. जानेवारी 2022 मध्ये रॅम्सवर तीच पाळी आली. 9 तारखेला सॅन फ्रान्सिस्कोच्या फॉर्टीनाइनर्सच्या लोकांनी सोफाय लाल करून टाकलं. तीन आठवड्यांनी पुन्हा त्याच दोघांत अंतिम फेरीआधीचा सामना ठरला, तेव्हा तिकिटं फक्त लॉस एंजेलिस परिसरातल्या पत्त्यांना विकायची असा नियम काढला गेला. ओरड झाली, नियम मागे पडला, आणि 30 तारखेला लाल शर्ट पुन्हा आलेच. त्याआधी 2014 मध्ये सिएटलने कॅलिफोर्नियाचे पत्ते सरळ वगळले होते. त्यावर एका चाहत्याने कोर्टात 5 कोटी डॉलरचा दावा लावला. पण खिडकीवर कितीही नियम लावा, मैदानातली बहुतेक तिकिटं खिडकीवर नसतातच. ती आधीच तुमच्या-माझ्या फोनमध्ये असतात. ग्रीन बे संघाच्या सीझन तिकिटाच्या प्रतीक्षा यादीत लाखाहून अधिक नावं आहेत. तिथे तिकीट गुंतवणूक म्हणून पाहणारे नसतील असं नाही, पण मागे एवढी मोठी रांग उभी असली की धाक राहतो.

आता मागण्या. तुमच्याकडून आधी, मग संघाकडून.

घरच्या निम्म्याहून जास्त सामन्यांना तुम्ही किंवा तुमचं कुणी जात नसेल, तर पुढच्या मोसमाला तिकीट सोडा. नूतनीकरणाचा मेल येईल तेव्हा पुढचं बटण दाबण्याआधी गेल्या वर्षीचा हिशोब काढा, इतकंच.

विकायचंच असेल तर जाहीर बाजारात टाकण्याआधी एक आठवडा आपल्या लोकांना मूळ दराने विचारा. यासाठी मी व्हॉट्सअॅप गट केला आहे. गेल्या महिन्यात पाच जण होते, आज एकोणीस आहेत. ज्यांना पूर्ण तिकिटाचा खर्च झेपत नाही त्यांनी दोन-तीन कुटुंबांत मिळून घ्यावं. गटात त्याचं वेळापत्रक लावून देण्याचं काम माझं.

रेडर्सचा सामना विकू नका. बाकी कुठलाही विका, हा नको. ही मागणी तर्काची नाही, माहीत आहे.

संघाच्या तिकीट विभागाला: वर्षभरातले सगळेच्या सगळे सामने विकणाऱ्या खात्याचं नूतनीकरण आपोआप होऊ देऊ नका. कोणती खुर्ची किती वेळा हस्तांतरित झाली हे तुमच्या यंत्रणेत दिसतं. नियम ठरवा आणि तो तिकीट घेण्याआधी वाचता येईल असा लिहा. सुटलेल्या खुर्च्या आधी लहान मुलं असलेल्या कुटुंबांना द्या. आणि सॅन डिएगोचे जे लोक अजून येतात त्यांच्यासाठी सामन्याच्या दिवशी बस सोडा. आमच्याशी झालेलं भांडण बसने मिटणार नाही, पण चारशे पाचवर पेट्रोल जाळत दोन तास कोण बसणार, हा प्रश्न तरी सुटेल. आणि पुन्हा कधी पाहुण्यांचं गाणं लाउडस्पीकरवर लावू नका, थट्टेतसुद्धा.

डावीकडच्या चार खुर्च्यांच्या मालकांना शेवटचं. तुमच्याशी माझं वैर नाही, दिवाळीला फराळाचा डबा येईलच. रेडर्सच्या सामन्याला तुम्ही स्वतः आलात तर थालीपीठं माझ्याकडून. नसाल येणार, तर दोन तिकिटं मला मूळ दराने द्या. आमच्या गल्लीतली नऊ आणि अकरा वर्षांची दोन भावंडं आहेत, त्यांच्या वडिलांना मी हो म्हणून बसलोय. रविवारपर्यंत कळवा, म्हणजे त्यांना शर्ट कुठल्या मापाचे आणायचे ते विचारता येईल.

आपला शेजारी,
उजवीकडच्या दोन खुर्च्यांवरचा